मापाड्याने न उचललेली पिशवी

धान्यबाजारात एकोणीस वर्षं काढली म्हणून त्याला मापाडी म्हणायचे. पुढे बाजार गेला, पोती गेली, तरी नाव काही गेलं नाही. काटा बिघडला की व्यापारी म्हणत, त्याला बोलवा. तो पोत्याचे दोन कान धरून पोतं वीतभर उचलायचा, उत्तर तिथेच लिहून ठेवलं असल्यासारखा वर आढ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, एकोणपन्नास आणि वर थोडं. दुसरा काटा आणून बघावं तर एकोणपन्नास आणि वर थोडं. बायको म्हणायची, ह्यांना सगळ्याचं वजन कळतं, माझ्या बोलण्याचं तेवढं कळत नाही.

मग शहराचे दोन तुकडे झाले. का झाले ते सांगत बसलं तर दिवस पुरायचा नाही, आणि दोन्हीकडचे लोक दोन तऱ्हांनी सांगतील. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे तर ओलंच जास्त जळलं. मोठ्या रस्त्याच्या अलीकडे एक फौज, पलीकडे दुसरी आणि मधे मैलभर ओसाड पट्टा. बाजाराला कुलूप लागलं. महिन्याभराने एका मदतसंस्थेने पीठ, घोंगड्या आणि औषधं ठेवायला ते गोदाम भाड्याने घेतलं. मापाडी किल्ली द्यायला म्हणून गेला आणि तिथलाच झाला. गोदामाबरोबर मापाडी फुकट मिळाला, असं संस्थेच्या बाई हसून सांगायच्या.

या बाई तिथल्या मुख्य. केस आखूड, पांढरे. आवाज कधी चढायचा नाही, आणि तरी समोरचा बसलेला असला तर उभा राहायचा. त्यांनी पंधरा दिवस मापाड्याचं काम बघितलं आणि विचारलं, गाडी येते का? बाजाराचा ट्रक त्याने दहा वर्षं हाकला होता. त्यांनी त्याच्या हाती पांढरी बस दिली. टपावर निळा चौकोन रंगवलेला, म्हणजे दुरूनही कळावं की ही लढणाऱ्यांची गाडी नाही.

काम सांगायला सोपं होतं. आठवड्यातून दोन दिवस, सकाळी दहा ते दुपारी एक, दोन्हीकडच्या बंदुका गप्प बसायच्या. तेवढ्या वेळात बसने पट्टा ओलांडून पलीकडे जायचं, तिथल्या शाळेच्या अंगणातून आजारी, म्हातारे, लेकुरवाळ्या आणि ज्यांना कोणी नाही अशांना घ्यायचं आणि परत यायचं. एक वाजून गेला की कोणाची हमी नाही.

आधी दोन दिवस शिकवणी झाली, प्राथमिक शाळेच्या वर्गात. बाक एवढेएवढे, गुडघे हनुवटीला लागत होते. गाडीच्या काचा खाली ठेवायच्या, फौजेच्या नाक्याच्या पन्नास पावलं आधी इंजिन बंद करायचं, दोन्ही हात चाकावर. गाडीत हत्यार चढणार नाही, गणवेश चढणार नाही, आणि नाक्यावर खोटं बोलायचं नाही, कोणाच्याही भल्यासाठी नाही. कोणाची बाजू खरी ही चर्चा बसमध्ये करायची नाही. मापाडी म्हणाला, म्हणजे आमच्या धंद्यासारखंच झालं. मापाडी विकणाऱ्याचा नसतो आणि घेणाऱ्याचाही नसतो, एकदा कलला की दोघंही त्याला दारात उभा करत नाहीत. बाईंनी हातातला खडू ठेवला आणि म्हणाल्या, मी दोन दिवस घसा कोरडा केला तो कशाला.

पहिल्या काही फेऱ्या फार वाईट गेल्या. अलीकडच्या नाक्यावर शिपाई सगळ्यांच्या पिशव्या रस्त्यावर उलट्या करायचे. बायकांचे आतले कपडे, औषधाच्या बाटल्या, फोटो, दुपट्यातलं पोर तेवढं सोडून सगळं मातीत. त्यात तास तास जायचा. एकदा रांगेत बसल्या बसल्या एक म्हातारा शिक्षक गेला. नुसता बसला होता तसा गेला, शेजारणीला वाटलं डोळा लागला. त्याची पिशवी अजून उघडायची होती.

पुढच्या फेरीला मापाडी नाक्यावरच्या साहेबापुढे जाऊन उभा राहिला. साहेब चष्मेवाला, लुकडा, सदानकदा खोकणारा. मापाड्याने सांगितलं की पलीकडे चढवताना प्रत्येक पिशवी मी स्वतः उचलेन, आत काय आहे ते विचारेन, आणि सांगितलेलं आणि उचललेलं जुळलं नाही तर तिथेच उघडेन. तुम्ही इथे पिशव्या उलट्या करू नका. साहेब म्हणाला, उचलली जीभ लावली टाळ्याला. मग त्याने पाच सारख्या पोतड्या भरून आणवल्या आणि एकीत कपड्यांच्या घडीत काडतुसांची पट्टी घातली. मापाड्याने पाचही एकेक करून उचलल्या आणि चौथी पायाने बाजूला सरकवली. कपड्याचं वजन हाताला पसरून लागतं, लोखंडाचं एका जागी लागतं, एवढंच त्याने सांगितलं. साहेबाने चष्मा पुसला.

तेव्हापासून पद्धत पडली. बस नाक्याला लागली की साहेब विचारायचा, "सगळं उचललंस?" आणि मापाडी म्हणायचा, "उचललं." अडसर वर जायचा. कधीमधी साहेब एखादी पिशवी उघडून बघायचा, तीही टेबलावर आणि बाईमाणसाची असली तर बाईशिपायाकडून. तास-दीड तासाचं काम वीस मिनिटांवर आलं. लोकांना वाटायचं, ड्रायव्हर भला आहे, ओझं उचलून देतो. एका आजीने आठ किलोंची पिशवी पुढे केली आणि आत नुसत्या चादरी आहेत असं सांगितलं. मापाड्याने ती उचलली आणि म्हणाला, आजी, चादरी फार जड झोपेच्या दिसतात. आत शिवणयंत्राचं डोकं निघालं. आजीला भीती की टाकून जा म्हणतील. त्याने ते डोकं आपल्या सीटमागे बांधून आणलं आणि आजीने बसभर सगळ्यांना ऐकवलं की याच्यापुढे काही लपत नाही, याच्या बायकोचं अवघड आहे.

आता त्याची ताई. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा दोन वर्षांचा होता, ताईने त्याला काखेत घेऊन वाढवला. शाळा तिची तिसरीत सुटली ती याच्यामुळेच. लग्न करून ती पलीकडच्या भागात गेली, नवरा लवकर गेला, एक मुलगा. लोकरीचं विणकाम करून तिने त्याला मोठं केलं. शहर तुटलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा. एके दिवशी जेवणाचं ताट तसंच ठेवून पलीकडच्या लढणाऱ्यांत सामील झाला आणि त्याच हिवाळ्यात मेला. त्याच्याबरोबरच्या एका पोराने येऊन ताईच्या हातात एक पुडकं दिलं. त्यात काय होतं ते ताईने कोणाला सांगितलं नाही.

मापाडी दर फेरीला शाळेच्या अंगणातून तिच्याकडे निरोप धाडायचा की ये. ताईचा उलटा निरोप ठरलेला, माझं इथे आहे. सात महिने असे गेले. मग तिच्या इमारतीची मागची भिंत पडली आणि नळ तर कधीचाच आटला होता. एका सकाळी मापाड्याने अंगणात बस लावली तर रांगेत शेवटी ताई उभी. तिची तब्येत उतरून नुसता सांगाडा राहिला होता. हातात कापडी पिशवी, तिची मूठ घट्ट आवळलेली.

त्या दिवशी चौतीस जणं होती. तेहतीस पिशव्या आणि गाठोडी त्याने उचलली, विचारलं, आढ्याऐवजी आभाळाकडे बघितलं आणि चढवली. शेवटी ताई आली. त्याने सवयीने हात पुढे केला. ताई म्हणाली, "राहू दे. तुला मी एवढासा असताना चार वर्षं उचललाय, मला काय पिशवी जड?" मागचे हसले. तोही हसला. खरं म्हणजे त्याला लाज वाटली. सात महिन्यांनी बहीण दिसते आणि तिला काय परक्यासारखं विचारायचं, आत काय आहे म्हणून? त्याने हात मागे घेतला आणि तिला कोपराला धरून पायरी चढवलं. वेळही होत आला होता. पण वेळेचं निमित्त झालं, हे त्याने पुढे स्वतःच कबूल केलं.

बस पट्ट्यातून हळू निघाली. ताई मधल्या रांगेत बसली होती. पुढच्या आरशात तिची पिशवी दिसत होती, मांडीवर, दोन्ही हातांच्या विळख्यात. मापाड्याने आयुष्यभर माणसांना पोती धरताना बघितलेलं. कपडे कोणी असे धरत नाही. पट्ट्यात बस थांबवता येत नाही, तो नियमच. पुढे नाका दिसायला लागला. पन्नास पावलं आधी त्याने इंजिन बंद केलं, हात चाकावर ठेवले. सव्वाबारा झाले होते.

साहेब खोकत आला. त्या दिवशी तो घाईत होता, हातात कसलासा कागद. त्याने वर न बघताच विचारलं, "सगळं उचललंस?"

'हो' हा शब्द केवढासा. तो म्हटला असता तर अडसर वर गेला असता. मापाड्याने आरशात बघितलं. मागे तेहतीस माणसं, त्यात सहा तान्ही. आज 'हो' म्हटलं आणि उद्या कधी कळलं, तर त्या शब्दावर पुन्हा कोणाची पिशवी बंद राहणार नाही. आणि आजच कळलं तर बस इथूनच मागे फिरेल. आरशात बहीण, जिच्या काखेत तो वाढला.

"एक राहिलं," तो म्हणाला.

साहेबाने कागदावरून मान वर केली. कोणाचं, असं विचारलं.

"माझ्या बहिणीचं."

साहेबाला मौज वाटली असावी. तो म्हणाला, मग उचल की, बहिणीचं काय दुसऱ्या काट्यावर मोजतात?

मापाडी उठला. बसमधल्या त्या अरुंद वाटेने सात रांगा चालायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढा पट्टा ओलांडायलाही लागला नव्हता, असं तो सांगायचा. ताईपुढे उभा राहून त्याने सगळ्यांना विचारायचा तेच विचारलं. आत काय आहे? कपडे, ताई म्हणाली आणि हात सोडले. त्याने पिशवी उचलली. सगळी मिळून साडेतीन किलो. त्यातलं किलोभर एका जागी.

ताई अगदी हळू म्हणाली, "त्याचं एवढंच उरलंय रे."

तो पिशवी घेऊन खाली उतरला, टेबलावर ठेवली आणि म्हणाला की यात हत्यार आहे. ते माझ्या भाच्याचं आहे, भाचा मेला, ही त्याची आई. आत कपड्यांखाली एक लहान मुलाचा निळा स्वेटर निघाला, चार-पाच वर्षांच्या पोराच्या मापाचा, आणि त्यात गुंडाळलेलं पिस्तूल. गोळी एकही नव्हती. पुडक्यातलं पिस्तूल आणि स्वतः विणलेला पहिला स्वेटर ताईने एकात एक ठेवले होते. लेकाच्या एकोणीस वर्षांची दोन टोकं, दुसरं तिच्याकडे काही नव्हतंच.

साहेबाने पिस्तूल उलटंपालटं करून बघितलं. मग चिडला. म्हणाला, "मी आज एकही पिशवी उघडणार नव्हतो." हे वाक्य मापाड्याच्या कानात पुढे कितीतरी वर्षं राहिलं.

शिपाई ओरडायला लागले की अख्खी बस मागे फिरवा. साहेबाने त्यांना हाताने गप्प केलं आणि निवाडा दिला. ही बाई इथे राहील, चौकशी होईल. बस जाईल. मापाडी म्हणाला, चूक माझी आहे, उचलायचं काम माझं होतं, मला ठेवा. साहेब म्हणाला, मग बस काय तुझी बायको हाकणार? घड्याळात साडेबारा झाले होते.

ताईला उतरवायला तो परत आत गेला, पण ती आपणहून उठली होती. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. हातातली पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली आणि म्हणाली, "मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला दे. त्याला ठसका लागतोय." मग कठड्याला धरून उतरली. त्यानंतर सहा वर्षं ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

अलीकडे पोचल्यावर त्याने तेहतीस जणांना उतरवलं, सगळ्यांच्या पिशव्या काढून दिल्या आणि बसच्या पायरीवर बसला. बाई आल्या. त्याने सगळं सांगितलं, राजीनामाही तोंडीच दिला. त्याला वाटलं होतं, बाई म्हणतील तू खरं बोललास, मोठं काम केलंस. लोक म्हणतच होते तसं. बाई शेजारी पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "नाक्यावर तू बरोबर वागलास. चुकलास तो अंगणात. तिथे उचलली असतीस तर ते लोखंड आपण शाळेच्या विहिरीत टाकलं असतं आणि स्वेटर घेऊन ती आत्ता इथे बसली असती." राजीनाम्याचं त्यांनी ऐकूनच घेतलं नाही, परवाची फेरी कोण करणार, एवढं विचारलं.

धरून ठेवलेल्या माणसांना भेटणं हेही संस्थेचंच काम. बाई दुसऱ्या दिवसापासून अर्ज घेऊन नाक्यावर जायला लागल्या. रोज सकाळी जायच्या आणि लाकडी बाकावर बसून राहायच्या. पाचव्या दिवशी त्यांना आत सोडलं. जुन्या टपाल कचेरीच्या एका खोलीत ताई आणखी तिघींबरोबर होती. बाईंनी तिची तब्येत बघितली, तिचं म्हणणं लिहून घेतलं, तिच्यासाठी घोंगडी मागून घेतली. मापाडी बाहेर बसमध्ये बसून राहायचा. बायकोने त्याच्या हातून चपला पाठवल्या होत्या, ताईच्या मापाच्या, त्या बाईंनी आत नेल्या. अकराव्या दिवशी ताईला सोडलं. त्या अकरा दिवसांत काय झालं ते तिने कोणाला सांगितलं नाही, आणि ज्याने एकदा विचारलं त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

स्वेटर मात्र मिळाला नाही. तो पिस्तुलाबरोबर कुठल्याशा कोठारात गेला. मापाड्याने त्यासाठी चार कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. चष्मेवाल्या साहेबाची तोवर बदली झाली होती. पिस्तूल मागायला आलास का म्हणून एका कारकुनाने त्याला हटकलं, तेव्हा तो म्हणाला, नाही हो, त्याच्यावर गुंडाळलेलं होतं ते. कारकुनाला त्यात काय एवढं ते कळेना.

नवा साहेब आला तरी पद्धत टिकली. चार महिने बस तशीच चालली, पिशव्या न उलटता. मग कुठल्याशा तिसऱ्याच भांडणावरून वाट बंद झाली. त्यात मापाड्याच्या खऱ्या-खोट्याचा काही संबंध नव्हता. त्या चार महिन्यांत जे आले ते आले, एवढंच म्हणता येईल. पुढे लढाईही थकून थांबली. जिंकलो असं दोन्हीकडचे सांगतात, तेव्हा ते खरं धरायचं.

ताई मापाड्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, तिच्या नणंदेकडे तिसऱ्या मजल्यावर राहिली. बायको अधूनमधून डबा घेऊन जायची, डबा धुऊन परत यायचा. रस्त्यात समोरासमोर आली की ताई बाजूने जायची. तिने शिव्या घातल्या असत्या तर मापाड्याला बरं वाटलं असतं. तो संस्थेतच राहिला. शहरं बदलली, पट्टे बदलले, काम तेच. पाठ गेली तेव्हा गाडी सोडली आणि नव्या पोरापोरींना शिकवायला लागला, त्याच एवढ्याएवढ्या बाकांवर. पहिल्या दिवशी तो पाच पिशव्या मांडायचा आणि उचलायला लावायचा. मग स्वतःची गोष्ट सांगायचा, नाव न लपवता, आणि शेवटी म्हणायचा की रांगेत तुमचं माणूस दिसलं तर सगळ्यात आधी त्याचं उचला. त्याच्यासमोर लाज वाटेल, वाटू द्या. एका मुलीने विचारलं, पण मामा, तुमची ताई तुम्हाला माफ करेल का? तो म्हणाला, ते शिकवणीत येत नाही.

सातव्या वर्षी ताईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. नणंद गेल्या वर्षी वारली होती. दवाखान्यात न्यायला कोण, तर बायको म्हणाली मी जाते, आणि ऐन सकाळी तिचाच पाय मुरगळला. खरंच मुरगळला की कसं, ते देव जाणे. ती चालताना एकदा डावा धरायची, एकदा उजवा.

मापाडी एकटा जिने चढला. तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. ताई कपडे करून खुर्चीवर बसली होती, पावलांजवळ एक कापडी पिशवी. पावलं ऐकून तिने मान वळवली, आणि कोण आहे ते तिला डोळ्यांनी नाही तरी कळलं. तो दारातच थांबला. खाली रस्त्यावर कोणी तरी मोटारीचं दार आपटलं.

मग ताई पिशवी घेऊन उठली, भिंत धरत दारापर्यंत आली, पिशवी खाली ठेवली आणि पायाने त्याच्याकडे सरकवली.

"उचल," ती म्हणाली.

तो वाकला आणि जुनी सवय तोंडातून निघून गेली. आत काय आहे? विचारलं आणि त्याने जीभ चावली.

"तू सांग," ताई म्हणाली.

त्याने पिशवी वीतभर उचलली आणि वर बघितलं. जिन्याच्या छताला पोपडे आले होते. कपड्यांचे दोन जोड, तो म्हणाला. टॉवेल. साबणाची डबी. मग थांबला. वजन काही नाही पण जागा खातंय असं काहीतरी, आणि त्यातून आरपार दोन सळया. लोकर आहे, तो म्हणाला. लोकर आणि सुया.

"दिसायला लागल्यावर करायला काहीतरी नको?" ताई म्हणाली. "किती भरली सगळी?"

"अडीच किलो."

"तीन आहे. नणंदेच्या काट्यावर शेजारणीकडून बघून घेतलीय." तिने हात पुढे करून चाचपत त्याचा खांदा शोधला. "हात म्हातारा झाला तुझा. चल, जिना दाखव."

पायऱ्या तीन मजल्यांच्या, अंधाऱ्या आणि कडा झिजलेल्या. तो एका हातात पिशवी घेऊन पुढे, ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागे. प्रत्येक पायरीला तो मोजत होता, आणि ती त्याच्यामागून तेच आकडे म्हणत उतरत होती. लहानपणी काखेतून उतरवल्यावर तिने त्याला पायऱ्या उतरायला शिकवलं होतं, तेव्हाही ते असेच म्हणायचे.